कार्डावर नसलेलं दुखणं

३ मार्च

नवरा म्हणाला, भांड्यांवर राग काढण्यापेक्षा वहीवर काढ, निदान भांडी तरी वाचतील. म्हणून ही वही. कोर्सच्या बाईंनीही रोज काय शिकलात ते लिहायला सांगितलंय. ते त्यांना मी वेगळ्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहून देईन. इथे फक्त ज्याचा राग आला ते. पानं पुरली म्हणजे मिळवली.

आज निकालाचा कागद हातात पडला. पॅरामेडिकच्या ॲडव्हान्स परीक्षेत मी दुसऱ्यांदा नापास. तेरा वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, माणसं रस्त्यावरून, विहिरीतून, मोटारींच्या पत्र्यातून काढली. शिरेत सुई, श्वासनळीत नळी, हृदयाला झटका, सगळ्यात मला पैकीच्या पैकी. आणि खाली लाल पेनाने शेरा: "रुग्णाची माहिती घेताना घाई करते. रुग्णाचं बोलणं मध्येच तोडते. दहापैकी तीन." या एका भागात पाचच्या खाली गेलं की बाकी कितीही असोत, माणूस नापास.

वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षेतला तो पेशंट म्हणजे एक धडधाकट पोरगा, रोजावर आणलेला. त्याला म्हणे मला काहीतरी सांगायचं होतं. खऱ्या पेशंटला वाचायचं असतं, गप्पा मारायच्या नसतात.

एक एप्रिलपासून प्रत्येक गाडीवर ॲडव्हान्स पास झालेलंच माणूस लागणार. उरलेल्यांनी ने-आण गाडीवर जायचं, म्हणजे म्हाताऱ्यांना तपासणीला सोडायचं आणि परत आणायचं. ते काम कमी दर्जाचं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण मला त्या गाडीवर बसवलं तर मी आतून कुजून जाईन. २८ तारखेला तिसरी परीक्षा आहे. चौथी संधी मिळत नाही.

५ मार्च

सरावाची चाळीस कार्डं झेरॉक्स करून आणली. प्रत्येक कार्डावर एक आजार, पेशंटने काय बोलायचं ते, आणि नाडी, रक्तदाब वगैरेचे आकडे. आकडे कार्डावरचेच धरायचे असतात, कारण पेशंट झालेला माणूस ठणठणीत असतो, त्याचे खरे आकडे घेऊन करायचं काय? म्हणून मनगट धरायचं, दंडाला पट्टा गुंडाळायचा, हवा भरायची नाही, आणि कार्डावरचा आकडा मोठ्याने म्हणायचा. सगळे असंच करतात.

पेशंट कोण होणार हा प्रश्न होता. नवऱ्याला सोफ्यावर आडवं केलं की तो तीन मिनिटांत घोरायला लागतो. सासूबाई आपणहून म्हणाल्या, मी होते, नाहीतरी दिवसभर बसूनच असते. त्यांनी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलीत. समोरचा माणूस काय बोलणार हे त्यांना तो रांगेत असतानाच कळायचं म्हणे.

आजचं कार्ड साखर उतरल्याचं. सासूबाईंनी कमाल केली. डोळे फिरवले, ओठ लोंबवले, मला "कोण गं तू?" असं विचारलं. ते जरा जास्तच मनापासून विचारल्यासारखं वाटलं. पण चांगलं झालं.

८ मार्च

आज दम्याचं कार्ड. सासूबाईंनी धापा बरोबर टाकल्या. मी विचारलं, कुठे दुखतंय का? कार्डावर स्पष्ट लिहिलंय, दुखत नाही. त्या म्हणाल्या, जबड्यात दुखतं, खालच्या, दोन्ही बाजूंना, जिना चढताना जास्त. मी म्हटलं, आई, दम्यात जबडा दुखत नाही. त्या म्हणाल्या, पण दुखतो गं. मी कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, बरं, मग राहू दे.

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. वीस मिनिटं फुकट. स्वतःच्या पदरचं घालायची हौस असेल तर नाटकात जावं.

११ मार्च

सकाळी एका छापखान्याच्या जिन्यावरून हिशेबनीस पडले. मनगट मोडलेलं, कपाळ फुटलेलं. मी चार मिनिटांत रक्त थांबवलं, हात बांधला, मान सांभाळून त्यांना फळीवर घेतलं. माझ्या हातांकडे बघत दोन कामगार शिकल्यासारखे उभे होते. तेवढ्यात दुसरी गाडी आली. तिच्यावर टॉपर होता.

टॉपर म्हणजे सव्वीस वर्षांचा मुलगा, पहिल्या फटक्यात ॲडव्हान्स पास, पहिला नंबर. तो पेशंटच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि विचारलं, काका, पडायच्या आधी काय झालं? काका म्हणाले, पायरी चुकली. टॉपर म्हणाला, त्याच्याही आधी? मग गप्प बसून राहिला. भर जिन्यात, लोक ताटकळत असताना. शेवटी काका म्हणाले, डोळ्यांपुढे अंधार आला होता, परवाही आला होता. ईसीजी काढला तर हृदयाचे ठोके मध्येच गळत होते.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, तुमचं बांधणं एक नंबर आहे ताई. वर "ताई" म्हणून. मी गाडीत बसून दार असं ओढलं की आरसा हलला.

१२ मार्च

माझ्या गाडीचे ड्रायव्हर म्हणजे दादा. नऊ वर्षं आम्ही एकत्र आहोत. आज त्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा, मी पेशंटचं ऐकत नाही? सिग्नल सुटला, त्यांनी गिअर टाकला. मग म्हणाले, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. बहुतेक वेळा बरोबर असतं.

उरलेली ड्यूटी मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. ते शिट्टी वाजवत बसले, तेही मुद्दामच.

१५ मार्च

आमच्या इमारतीची लिफ्ट नऊ दिवस बंद आहे. नवरा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतो, पण इथलं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे, म्हणून हा हात लावत नाही. शेजारी मलाच टोमणे मारतात.

आज मी आणि सासूबाई भाजी घेऊन येत होतो. दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, तू हो पुढे. मला सहा वाजता कोर्सला पोहोचायचं होतं. मी म्हटलं, आई, सरावाची वेळ झाली की तुम्हाला बरोब्बर थकवा येतो. दोन्ही पिशव्या उचलून मी वर गेले. त्या दहा मिनिटांनी आल्या, चेहरा घामाने भिजलेला. उकाडाही फार आहे सध्या. जिन्यात एक खिडकी आहे, तीही रंगवून बंद करून टाकली आहे. असल्या लोकांना जिन्यातच कोंडायला हवं.

१७ मार्च

आज भांडण झालं. म्हणजे मी भांडले.

मांडी मोडल्याचं कार्ड. साधं आहे: पडले, मांडी दुखते, पाय हलत नाही. सासूबाई सोफ्यावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, पाठीत दुखतंय, खांद्यांच्या मधे. मी म्हटलं, मांडी. त्या म्हणाल्या, आणि मळमळतंय. मी म्हटलं, आई, मांडी. मनगट धरलं तर नाडी मध्येच हुकल्यासारखी लागली. त्या हात हलवत असणार. मी म्हटलं, हात स्थिर ठेवा, आणि कार्डावरचा आकडा म्हटला, एकशे दहा.

त्या म्हणाल्या, "अगं, पण हे खरंच होतंय."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, अकरा दिवस राहिलेत, माझी नोकरी जायची वेळ आलीय, आणि तुम्हाला लक्ष वेधून घ्यायचंय. एवढीच हौस असेल तर मुलाला सांगा, तो ऐकेल. नवरा आतून आला, दोघींकडे बघितलं आणि पाणी पिऊन परत गेला. मूग गिळून बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

सासूबाईंनी उशी मानेखाली सारखी केली. मग म्हणाल्या, बरं, काय म्हणायचं ते सांग, तसं म्हणते. त्यानंतर त्यांनी मांडी इतकी झकास दुखवली की मी त्यांना दहापैकी दहा दिले.

२१ मार्च

सासूबाई शहाण्यासारख्या वागतायत. कार्डावरचं सोडून एक शब्द नाही. आज तीन कार्डं पन्नास मिनिटांत झाली. जेवल्या मात्र अर्धंच. पित्त झालंय म्हणून गोळी घेतली आणि आठलाच झोपल्या. मला अभ्यासाला हॉल मोकळा मिळाला.

कोर्सच्या सराव परीक्षेत माहिती घेण्यात दहापैकी सहा. बाई म्हणाल्या, सुधारणा आहे, पण तुम्ही अजून प्रश्नांची यादी वाचता. मग यादी दिली कशाला?

२५ मार्च

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी सव्वादहाला आम्ही घोटा मोडलेल्या एका माणसाला घेऊन निघालो होतो. वायरलेसवर कंट्रोलची बाई बोलत होती. महिला, वय अडुसष्ट, छातीत आणि जबड्यात दुखतंय, फोन पेशंटनेच केलाय. मग पत्ता. रस्ता आमचा, इमारत आमची, मजला तिसरा.

दादांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. आम्ही बावीस मिनिटांवर होतो, गाडीत पेशंट होता. कंट्रोल म्हणाली, जवळची गाडी निघालीय. मी वायरलेसमध्ये ओरडले की लिफ्ट बंद आहे, जिन्याची खुर्ची न्या. कंट्रोल म्हणाली, कळलं, लाइन मोकळी ठेवा. घोटेवाल्या माणसाने विचारलं, तुमच्या घरचं कुणी आहे का? मी त्याला म्हटलं, गप्प बसा. नियमाप्रमाणे त्याला उतरवून, सही घेऊन मगच मी इकडे धावले.

टॉपरची गाडी गेली होती. घरातच ईसीजी काढून त्याने वाटेतून इस्पितळाला कळवलं, त्यामुळे सासूबाईंना दारातून थेट आत नेलं. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडून आत जाळी बसवलीय. पुढचे दोन दिवस कठीण आहेत. डॉक्टर म्हणाले, हे आज सुरू झालेलं नाही, दोन-तीन आठवडे शरीर सांगत असणार.

टॉपरने लिहिलेला कागद काउंटरवर होता. मी तो त्याची चूक शोधायला उचलला. खरं तेच लिहितेय. वेळा बरोबर, औषधं बरोबर, खुर्चीने खाली आणल्याची नोंदही होती. पेशंटचं म्हणणं पेशंटच्याच शब्दांत लिहायचा नियम आहे. तिथे त्याच्या त्या गोल, शाळकरी अक्षरात होतं: "अडीच आठवडे झाले, जिना चढताना जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं. घरी सांगितलं होतं. घरी वाटलं, मी नाटक करते."

टॉपर थोड्या अंतरावर स्ट्रेचर पुसत होता. त्याने मान वर केली नाही. त्याने काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणजे मला त्याला फाडून खाता आलं असतं.

२६ मार्च

दहा मिनिटं आत सोडलं. नळ्या, तारा, पडदा. हे सगळं मी रोज बघते. मी मनगट धरलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. चौऱ्याऐंशी. सोळा वर्षं एका घरात राहून त्यांची खरी नाडी मी पहिल्यांदा मोजली.

विचारलं, "कसं वाटतंय, आई?"

त्यांनी डोळे छतावरून काढले नाहीत. म्हणाल्या, "कार्डावर काय लिहिलंय?"

२७ मार्च

नवऱ्यावर तुटून पडले. म्हटलं, आई तुझी आहे, तुला दिसलं नाही? अर्धं जेवत होत्या, आठला झोपत होत्या, तू लिफ्टच्या तारा तपासत फिरत होतास. तो सोळा वर्षांत माझ्यावर आवाज चढवून बोललेला नाही. आजही चढवला नाही. म्हणाला, "मी निश्चिंत होतो, कारण घरात तू आहेस." मग बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

त्यावर मी मनात शंभर उत्तरं दिली. कुणालाही वाटलं असतं नाटक आहे म्हणून. सरावच चालला होता. वयस्कर बायकांमध्ये लक्षणं वेगळी दिसतात, छातीत दुखेलच असं नाही, जबडा, पाठ, मळमळ, घाम, दम. हे वाक्य मला पाठ आहे. कोर्सच्या पुस्तकात पान एकशे बाराला आहे, मी त्याखाली हिरवी रेघ मारलीय. दोन आठवडे मनगट माझ्या हातात होतं आणि मी आकडा कागदावरून वाचत होते. एवढा राग मला आजवर कुणाचाच आलेला नाही, आणि या वेळी भांडायला समोर कुणी नाही.

उद्या परीक्षा. जाणार नाही असं ठरवलं होतं. ने-आण गाडीच माझ्या लायकीची. संध्याकाळी नवरा इस्पितळातून आला आणि बूट काढता काढता निरोप दिला: आई म्हणाली, तिला म्हणावं जा, नाहीतर मी इतके दिवस सोफ्यावर लोळले ते कशासाठी?

२८ मार्च

माझा नंबर चौथा होता. पेशंट म्हणून मधल्या वयाची एक बाई आणली होती, पिवळा सदरा, कार्ड उशीखाली लपवलेलं. वेळ दहा मिनिटं. कोपऱ्यात परीक्षकबाई तोच लाल पेन घेऊन बसल्या होत्या.

मी विचारलं, काय होतंय? बाई म्हणाली, पोटात दुखतंय. मी थांबले. थांबणं किती कठीण असतं, ते मला आज कळलं. जीभ दातांखाली धरून ठेवली. बाईने सांगितलं, मग आणखी सांगितलं. पट्टा बांधताना मी सवयीने हवा भरून टाकली. परीक्षकबाई म्हणाल्या, आकडा आमच्याकडून घ्यायचा. मी म्हटलं, तो पण घेते.

यादी संपल्यावर मी एक प्रश्न विचारला, तो कुठल्याच यादीत नाही. "हे घरी कुणाला सांगितलंत का?"

बाई गोंधळली. तिच्या कार्डावर त्याचं उत्तर नव्हतं. तिने परीक्षकबाईंकडे पाहिलं. त्यांनी काहीच केलं नाही. घड्याळ चालू होतं. मी म्हटलं, सावकाश सांगा, मी इथेच आहे. बाईने उशीवरचं डोकं थोडं वळवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगून काय होतं? सगळे कामात असतात." ते कार्डावरचं होतं की तिचं स्वतःचं, मला ठाऊक नाही. पुढची सुई लावताना माझे हात तेरा वर्षांत पहिल्यांदा हलले.

दुपारी निकाल. वेळ जास्त घेतल्याबद्दल दोन गुण गेले, सुईचा एक गेला. माहिती घेणे: दहापैकी दहा. पास. परीक्षकबाई म्हणाल्या, हे असं आधीच केलं असतं तर दोन वेळा नापास झाला नसता. काही कारण नसताना त्यांच्या तोंडावर कागद फाडून फेकावासा वाटला. तीन आठवडे ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान केलं, ती आता हातात होती, आणि मला ती नको होती. कागद घडी घालून खिशात ठेवला. एक तारखेला दाखवावा लागेल.

२९ मार्च

सासूबाईंना साध्या खोलीत हलवलंय. पाठीशी दोन उशा, मनगटाला तार, शेजारी मॉनिटर. मला बघून म्हणाल्या, झालीस का पास? मी म्हटलं, झाले. त्या म्हणाल्या, माझ्या भागात किती? मी म्हटलं, दहापैकी दहा. त्या हसल्या नाहीत.

रस्ताभर घोकून आलेलं वाक्य मी बोलून टाकलं. "आई, तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

अशा वेळी मोठी माणसं म्हणतात, जाऊ दे गं, जे झालं ते झालं. मी त्याचीच वाट बघत होते, त्याच्यापुढे काय बोलायचं तेही ठरवून आले होते.

त्या म्हणाल्या, "हो. तुझीच आहे."

मग त्यांनी पांघरूण सारखं केलं. म्हणाल्या, "या घरात सोळा वर्षं रागवायचं काम तुझ्याकडेच आहे. तू रागावलीस की आम्ही आवाज न करता जेवतो. आता दोन दिवस मी रागावणार आहे. मध्ये बोलू नकोस."

आणि त्या सुरू झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीपासून. तिथे बसल्यावर त्यांना वाटलं होतं, आता इथेच संपणार, आणि खालच्या दारातून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. माझ्या हातातल्या दोन पिशव्या वर जाताना त्यांनी मोजल्या. मांडी दुखतेय असं म्हणताना डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. मनगट धरलं की त्यांना दर वेळी वाटायचं, आज हिला कळेल. ते झाल्यावर त्या मागे गेल्या, गेल्या वर्षात, त्याच्या मागच्या वर्षात, माझ्या लग्नाच्या पहिल्या महिन्यात. काही गोष्टी मला आठवतही नव्हत्या. काही अगदी चुकीच्या होत्या, त्या मी केल्याच नव्हत्या, आणि ते सांगायला माझी जीभ टाळ्याला लागून परत आली.

मॉनिटरवरचा आकडा ब्याऐंशीचा शहाण्णव झाला. शांत व्हा, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. नर्स भेटीची वेळ संपली म्हणून सांगायला आली, आमच्याकडे बघून दार लावून गेली. सासूबाई बोलत होत्या. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसून राहिले.